टोपीचा मुद्दा राहून गेला

चंपाषष्ठीच्या सकाळी नंदकिशोरने स्वतःचा दिवाण उचलून भिंतीशी उभा केला आणि खारघरच्या फडतरे मंडळींची सीमा वर्षभराने मोकळी झाली.

सीमा म्हणजे भिंतीतलं भगदाड. अण्णांनी हयातीत थोरल्या आणि धाकट्या मुलासाठी पाठीला पाठ लावून दोन फ्लॅट घेतले होते, एक ए विंगमध्ये, एक बी विंगमध्ये, आणि मधली भिंत फोडून जोडी फ्लॅट केला होता. भिंत शेजाऱ्यांत असते, भावांत नसते, असं अण्णा म्हणायचे. अण्णा बरंच काही म्हणायचे. ते गेले तेव्हा त्यांची तिरडी बी विंगमधून निघाली, कारण तिकडची लिफ्ट मोठी. थोरल्या धर्मराजचं म्हणणं, ती थोरल्याच्या दारातूनच निघायला हवी होती. धाकट्या नामदेवचं म्हणणं, मग काय अण्णांना उभं करून न्यायचं होतं? हे तो तेराव्याच्या पंगतीत, वाढपी बुंदी घेऊन उभा असताना म्हणाला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

नंदकिशोर मधला भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस तेराव्यानंतर आठ दिवस थांबतो म्हणाला आणि भगदाडात दिवाण टाकून तिथेच राहिला. सकाळचा चहा ए विंगचा, संध्याकाळचा बी विंगचा. इकडचं तिकडे सांगायचं नाही, तिकडचं इकडे आणायचं नाही. नोकरीत असताना तो युनोच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला जाऊन आलेला, म्हणून पोरांनी त्या भगदाडालाच युनो नाव ठेवलं. "हळू बोल, युनो झोपलीय." "रिमोट युनोत राहिला." कुरियर आलं की वॉचमनसुद्धा इंटरकॉमवर विचारायचा, "ए, बी, की युनो?"

आता अडचण अशी होती की फडतऱ्यांचं कुलदैवत पालीचा खंडोबा, आणि चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायला पाच पुरुष लागतात. ए विंगमध्ये धर्मराज आणि त्याचा मुलगा ऋषी. बी विंगमध्ये नामदेव आणि त्याचा मुलगा निखिल. मध्ये नंदकिशोर. देवाने माणसं अशी वाटली होती की कोणालाच दुसऱ्यावाचून देव करता येऊ नये. गेल्या साली अण्णांचं वर्ष होतं म्हणून तळी झाली नाही. यंदा टाळली तर खंडोबा माफ करील, पण गावाकडचे भाऊबंद करणार नाहीत.

म्हणून नंदकिशोरने महिनाभर इकडून तिकडे फेऱ्या घालून तह घडवला. तळी ना ए मध्ये, ना बी मध्ये. ती युनोत उचलायची. दिवटी धर्मराजकडची, तिला तेल घालायची बुधली नामदेवकडची. भरीत थोरलीने करायचं, भाकऱ्या धाकटीने. येळकोट नंदकिशोरने म्हणायचा, बाकीच्यांनी फक्त ओरडायचं. लिहून काही ठेवलं नाही. लिहिलं की माणसं वाचतात आणि वाचलं की भांडतात, हा त्याचा दोन खंडांतला अनुभव होता.

*

वैशाली, म्हणजे धर्मराजची बायको, गॅसवर जाळी ठेवून वांगी भाजत होती. चातुर्मासापासून बंद असलेलं वांगं आज सुटणार, त्या आनंदात एरवी ती गुणगुणायची. आज ती वांगी चिमट्याने अशी उलटीपालटी करत होती की त्यांनीच काहीतरी केलंय.

केलं होतं वैदेहीने. वैदेही तिची थोरली, फौजेत डॉक्टर, कॅप्टन. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात बरं चाललं होतं. तिने स्वतःहून शांतिसेनेसाठी नाव दिलं, निवड झाली, आणि आता चार दिवसांनी दक्षिण सुदानला वर्षभरासाठी निघायचं होतं. त्यात सकाळपासून तिने नंदूकाकाच्या ट्रंकेतली जुनी निळी टोपी डोक्यावर चढवली होती.

"ती टोपी काढ आधी."

"मस्त बसतेय गं. काकाचं डोकं माझ्याएवढंच."

"डोकं त्याच्याएवढंच आहे हे मला माहीत आहे. काढ. देवाचं कार्य आहे." वैशालीने एक वांगं ताटलीत आपटलं. "पुण्यात माणसं आजारी पडायची थांबली का?"

"आई, परत नको ना."

"का नको? लहानपणापासून ऐकतेय, युनो आली, युनो गेली. कुठलं भांडण मिटलं त्यांच्याच्याने? एक देश सांग."

"नामिबिया."

"तो कुठे आला?"

"बघ. मिटलं म्हणून तुला माहीत नाही."

बाहेर सोफ्यावर लोळणाऱ्या ऋषीला हे फारच आवडलं. तो ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत होता आणि घरून काम करताना घरातल्या सगळ्या भांडणांना हजर असायचा. "आई, स्टडीज आहेत. शांतिसेना असते तिथे माणसं कमी मरतात."

भगदाडाच्या पलीकडून निखिलचा आवाज आला. तो कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता आणि बोलणं बंद असलं तरी वाद घालण्याला त्याची बंदी नव्हती. "रवांडा? स्रेब्रेनिका? तिथेपण होती ना? निळ्या टोप्या घालून बघत उभे होते."

"निखिल, तू बी विंगमधून बोलू नकोस," ऋषी म्हणाला.

"मी युनोत उभा आहे."

वैशालीने गॅस बंद केला. वैदेहीला जवळ ओढून ती हळू बोलली, आणि हळू बोलली की ती जास्त धोकादायक असायची. "ऐक. मला भीती वाटते. बाकी कारणं उगाच आहेत. टीव्हीवर ते जळके ट्रक बघितले की मला तुझा चेहरा दिसतो. तू जा, तुला कोण अडवणार? पण मी भंडारा लावणार नाही."

फडतऱ्यांच्यात घरातून लांब निघणाऱ्याच्या कपाळावर आई चंपाषष्ठीच्या तळीतला भंडारा लावते. नंदकिशोर सुदानला निघाला तेव्हा त्याच्या आईने पुडीतला जपून ठेवलेला भंडारा लावला होता. ट्रान्स्पोर्टच्या धंद्यातल्या नामदेवला पहिला ट्रेलर जासईच्या यार्डात लावायचा होता तेव्हा तर तो ट्रेलरलाही लावला होता.

वैदेहीने डोक्यावरची टोपी सरळ केली. तिने मनाशी ठरवलेली गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. सीनियरांसमोर ताठ उभी राहणारी, फाटलेल्या माणसांना टाके घालणारी ही मुलगी, आईचा अंगठा कपाळाला लागला नाही तर नाव मागे घेणार होती. राखीव यादीत दुसरा डॉक्टर तयार होता. एक फोन केला की झालं असतं. कॅप्टनने असं करायचं नसतं हे तिला कळत होतं आणि तरी ती ते करणार होती.

"काकाला विचार ना," ती म्हणाली. "तो जाऊन आलाय."

"त्यांना काय विचारायचं? मीठ कमी आहे का विचारलं तरी म्हणतात, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला हवं."

मग वैशालीच्या हातातला चिमटा थांबला. तिला एक आठवलं होतं. तळीला हात लावून फडतरे खोटं बोलत नाहीत. नामदेव बारावीला नापास झाल्याचं अण्णांना कळलं ते तळीवर, तीन महिने उशिरा. धर्मराज लग्नाआधी सिगारेट ओढायचा हेही वैशालीला तळीवरच कळलं होतं, पहिल्याच चंपाषष्ठीला, आणि त्या भानगडीत भरीत गार झालं होतं.

ती वांगी सोलायला लागली. आता ती गुणगुणत होती.

*

बी विंगमध्ये जाई भाकऱ्या थापत होती आणि नामदेव आरशासमोर उभा राहून खिसा चापत होता.

"खिशात काय फुगलंय ते?" जाईने विचारलं. नवरा ट्रान्स्पोर्टवाला असला की बायकोला त्याचे खिसे बघायची सवय लागते.

"रुमाल."

"रुमालाला कडक इस्त्री?"

नामदेवने टोपी बाहेर काढली. पांढरी, कोरी, पनवेलहून आणलेली. जाईच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

तळी तीनदा उचलून झाली की ती नुसत्या जमिनीवर ठेवत नाहीत. घरच्या कर्त्याने डोक्यावरची टोपी जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर तळी टेकवायची. इतकी वर्षं ती टोपी अण्णांची. ज्याची टोपी खाली, घर त्याचं.

"ह्यावर तहात काय ठरलंय?" जाईने विचारलं.

"काय पण नाही. सायलेंट आहे. नंदूदादा एवढा फिरला, दिवटी कोणाची, बुधली कोणाची, पण टोपीचा विषयच नाय काढला. विषय नाय तर जो पहिला हलेल त्याचा." नामदेव हसला. "शेवटी अण्णांना दोन वर्षं आंघोळ कोणी घातली? मी. डायपर कोणी बदलले?"

"मी," जाई म्हणाली.

"तेच ते. आपण. दादा फक्त संध्याकाळी येऊन पेपर वाचून दाखवायचा."

हे खरं होतं आणि जाईला त्याचा रागही होता. पण अण्णा त्या पेपराची दुपारपासून वाट बघायचे हेही तिने पाहिलं होतं. "आणि मोठ्या भाऊजींनी नाही ऐकलं तर?"

"तर गवंड्याला फोन. विटा काय शोसाठी आणल्यात?" बाल्कनीत विटांची चळत लागली होती, दिवाळीपासून. जाई रोज तिच्या बाजूने झाडत होती.

पलीकडे ए विंगमध्ये त्याच वेळी धर्मराज कपाटातून अण्णांची स्वतःची टोपी काढून झब्ब्याच्या खिशात घालत होता. ती पिवळी पडली होती आणि तिला अजून अण्णांच्या तेलाचा वास होता. तळोज्याच्या कारखान्यात आयुष्यभर शिफ्ट इन्चार्ज राहिलेला हा माणूस आज चोरासारखा दार लोटून घेऊन हे करत होता. त्याला मालकी नको होती. आपण थोरले आहोत हे कोणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं, एवढंच हवं होतं. पण असं मागता येत नाही, म्हणून माणूस टोपी मागतो.

*

तळी म्हणजे साधं ताम्हण असतं. फडतऱ्यांची तळी ही पितळी परात होती. अण्णांना काही लहान आवडायचं नाही. परातीत विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या आणि मध्ये भंडाऱ्याचा डोंगर. भगदाडात, जिथे काल रात्री नंदकिशोर घोरत होता तिथे, पाच पुरुष उकिडवे बसले. दिवटी पेटली. वैशाली ए विंगच्या कडेला उभी, जाई बी विंगच्या. वैदेही मध्ये, निळी टोपी अजून डोक्यावर.

"सदानंदाचा येळकोट!" नंदकिशोर गरजला. कवायतीच्या मैदानावरचा आवाज. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

परात वर गेली, खाली आली. पुन्हा वर. वर्षभर एकमेकांकडे न बघणारी माणसं एका सुरात ओरडत होती आणि नंदकिशोरला वाटलं, चला, जमलं. तिसऱ्यांदा परात वर गेली, येळकोट झाला, परात खाली येऊ लागली. तेवढ्यात दोन हात परातीवरून निघून दोन खिशांत गेले आणि दोन टोप्या फरशीवर एकदमच पडल्या. एक कोरी, एक पिवळी.

"वर!" नंदकिशोर ओरडला. "परात वर! कोणी खाली टेकवायची नाही! हात लावा दोघं!"

सवय म्हणून सगळ्यांनी ऐकलं. परात छातीशी अडली, दहा हात तिला.

"ही अण्णांची टोपी आहे," धर्मराज म्हणाला.

"अण्णांची आहे, तुझी नाय," नामदेव म्हणाला. "ही माझी. अण्णा माझ्याकडे गेले."

"लिफ्ट मोठी होती म्हणून गेले."

"दादा, लिफ्टचं काढू नको हां."

"काका," निखिलने परातीवरून मान वळवली, "तहात टोपीचं कलम नव्हतं?"

नामदेवला जोर चढला. "हेच! म्हणून तुझ्या युनोला जगात कोण विचारत नाय. तेल कोणाचं, भाकरी कोणाची, सगळं फिक्स. मेन मुद्दा गायब."

"मेन मुद्दा काढला असता तर इथवर आला असतास का? मी तो मुद्दाम..." नंदकिशोर बोलता बोलता थांबला. त्याची बोटं परातीला होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. "नाही. विसरलो. अण्णा होते तोवर टोपी आपोआप यायची. डोक्यातच आलं नाही."

ऋषीला हसू आवरेना. परात हलली, भंडारा सांडला, आणि धर्मराजने त्याला बापाच्या जुन्या आवाजात दटावलं.

वैशालीने हीच वेळ साधली. ती एक पाऊल पुढे आली. "नंदूभाऊजी, हात काढू नका. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या."

"वहिनी, आधी टोपीचं..."

"टोप्या मरू देत. तुम्ही सुदानला होतात. तुमच्या तिथे जाण्याने एक तरी भांडण मिटलं का? तळीवर हात आहे."

वैदेहीने काकाकडे बघितलं. या माणसाच्या गोष्टी ऐकत ती मोठी झाली होती: लाल मुरुमाचे रस्ते, पावसात चिखलात रुतलेले पांढरे ट्रक, गुरांच्या शिंगांना बांधलेले गोंडे. भांडण मिटलं का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"नाही," नंदकिशोर म्हणाला.

निखिल हळूच शिट्टी वाजवणार होता, पण आईचा डोळा बघून राहिला. वैशालीला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. "मग काय केलंत तिथे वर्षभर?"

"पंपाशेजारी उभा राहिलो."

"पंपाशेजारी?"

"हापसा, वहिनी. पाण्याचा. या बाजूची वस्ती, त्या बाजूची वस्ती, मध्ये एकच हापसा. गुरं पळवण्यावरून पिढ्यांचं वैर. बायका पाण्याला आल्या की दुसऱ्या बाजूचे पोरगे बंदुका घेऊन झाडीत. आमची पोस्ट तिथे. गोळी कधी चालवायची, कधी नाही, याचे शंभर नियम. चालवायची वेळ आलीच नाही. उजाडलं की हापशाशी जायचं, उभं राहायचं, अंधार पडला की परत."

"नुसतं उभं?" नामदेव म्हणाला. परातीमुळे त्याचे हात थरथरत होते पण तोंडाला काही झालं नव्हतं. "त्याला पगार?"

"डॉलरमध्ये," ऋषी म्हणाला.

"गप रे," जाई म्हणाली. ती हे वाक्य भगदाडाच्या पलीकडच्या पुतण्याला वर्षभराने म्हणाली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"नंतर?" वैशालीने विचारलं.

"नंतर वरून हुकूम आला, पोस्ट हलवा. आम्ही निघालो. महिनाभरात हापसा मोडला त्यांनी."

"कोणी? या बाजूच्यांनी की त्या?"

"दोघांनी. तेवढ्या एका कामात एकी झाली."

नामदेव मोठ्याने हसला आणि मग एकटाच हसतोय हे कळून थांबला. निखिल म्हणाला, "म्हणजे काका, फेल."

"असेल." नंदकिशोर परातीकडे बघत बोलत होता. "पण आम्ही होतो तोवर सकाळी जेवढ्या बायका आल्या, तेवढ्या घरी गेल्या. एक पोटुशी बाई यायची. लांबून, एकटी. मग थोडे दिवस आली नाही. मग आली ती पाठीला पोर बांधून. हापसताना ती पोर खाली ठेवायची, माझ्या बुटांजवळ. ते रांगायला लागलं. मग माझ्या बंदुकीचा पट्टा चावायला लागलं. मी काढून घेतला की बोंब. हवालदार म्हणाला, साहेब, चावू द्या, दात येतायत."

दिवटीतलं तेल चुरचुरलं.

"आता कुठे आहे ते पोर?" वैशालीने विचारलं.

"माहीत नाही, वहिनी. तळीवर हात आहे, सांगतो, खरंच माहीत नाही. जिवंत आहे का तेही माहीत नाही." त्याने मान वर केली. "पण दात आले त्याला. दोन खालचे. मी पाहिले."

वैशालीने पदर तोंडाला लावला. वांगी भाजताना डोळ्यांत गेलेला धूर आता कामाला आला.

"मग पोरीला पाठवू का?" ती म्हणाली. "स्पष्ट सांगा."

"तसं बघितलं तर दोन्ही बाजूंचं..."

"काका!" वैदेही, ऋषी आणि निखिल एकदम ओरडले. दोन विंग एका सुरात, येळकोट सोडून पहिल्यांदाच.

नंदकिशोरने डोळे मिटले. आयुष्यात त्याने हद्दीवर उभं राहण्याचा पगार घेतला होता, आणि निवृत्त झाल्यावर तेच फुकट केलं होतं. बाजू घेतली की मध्ये झोपायची जागा जाते, हे त्याला माहीत होतं.

"पाठवा," तो म्हणाला.

"मला भीती वाटते, भाऊजी."

"मलापण वाटते. ती माझ्या डोळ्यांदेखत वाढलीय. तरी पाठवा. हापशाशी कोणी उभंच राहिलं नाही तर..." त्याला पुढचं जमलं नाही. "पाठवा, वहिनी. माझे हात गेलेत आता."

सगळ्यांचेच गेले होते. ऋषीचे खांदे उडत होते, परात निखिलच्या बाजूला कलली होती, पण धर्मराज आणि नामदेव एकमेकांवर डोळे रोखून तसेच. दोघांच्याही मनात एकच विचार होता: पहिला हात तो काढेल.

वैशाली पुढे झाली. तिने वाकून अण्णांची टोपी उचलली, कपाळाला लावली आणि भगदाडातून हात पुढे करून जाईकडे दिली. मग कोरी उचलली, तीही जाईकडेच दिली. "धर गं जरा."

"द्या वहिनी," जाई म्हणाली.

मग वैशालीने मागे वळून सकाळपासून सांगून थकलेलं काम स्वतःच केलं. वैदेहीच्या डोक्यावरची निळी टोपी खस्सकन ओढली आणि परातीखाली फरशीवर ठेवली.

"ठेवा."

"ही काय कर्त्याची टोपी आहे?" धर्मराज म्हणाला.

"ही तर फॉरिनची आहे," नामदेव म्हणाला.

"वर्षभर या भगदाडात मध्ये झोपलं कोण?" जाई म्हणाली. "तुम्ही दोघं? ठेवा म्हणतायत ना वहिनी. भाकऱ्या वातड झाल्या."

"आणि भरीत गार," वैशाली म्हणाली.

दोन्ही जावा एका बाजूला झाल्यावर फडतऱ्यांच्यात पुढे वाद होत नसे. ही रीत तळीपेक्षा जुनी होती. परात खाली आली आणि निळ्या टोपीवर टेकली. पाच पुरुष मागच्या मागे बसले आणि मनगटं चोळू लागले. नंदकिशोरने मूठभर भंडारा उधळला. तो धर्मराजच्या टकलावर पडला, नामदेवच्या रंगवलेल्या मिश्यांवर पडला, उभ्या दिवाणावर पडला.

"हे यंदापुरतं हां," नामदेव म्हणाला.

"यंदापुरतंच," धर्मराज म्हणाला. ते एकमेकांशी बोलले होते. आपण बोललो हे कळल्यावर दोघांनीही घाईघाईने खोबरं तोंडात टाकलं.

जेवणं युनोतच झाली, एक पंगत इकडून, एक तिकडून. समेट वगैरे काही झाला नाही. विटा बाल्कनीतच होत्या, फक्त जाईने जागा मोकळी दिसली म्हणून त्यांवर कोथिंबिरीची कुंडी ठेवली. नामदेवने जाता जाता धर्मराजला ऐकू जाईल अशा बेताने निखिलला विचारलं, "आपल्याकडे संध्याकाळी पेपर कोण वाचून दाखवतं रे हल्ली?" धर्मराजने ऋषीला चष्मा कुठे आहे ते विचारलं.

परात उचलल्यावर नंदकिशोरने टोपी हातात घेतली. निळ्या कापडावर पिवळा गोल उठला होता. त्याने तो झटकला, मग नखाने खरवडला. "हळद आहे. आण गं वैदू, साबण लावून देतो. असली टोपी घालून परेडला उभी राहिलीस तर तुझा कर्नल..."

"इकडे द्या," वैशाली म्हणाली.

तिने टोपी काढून घेतली आणि वैदेहीच्या हातात दिली. मग परातीतला चिमूटभर भंडारा घेतला आणि अंगठा लेकीच्या कपाळावर टेकवला. इतका दाबून, की वैदेहीची मान मागे गेली. कॅप्टन वैदेही फडतरेचे डोळे भरले आणि ते पुसायची तिला लाज वाटली नाही.

"वर्ष झालं की परत यायचं."

"येईन गं."

"टोपी घेऊन ये," वैशाली म्हणाली. "नाहीतर पुढच्या साली तळी ठेवायची कशावर?"